दुधाची वही

सोसायटीच्या कपाटात अकरा वर्षांच्या वह्या.
मी शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे चाललेय.
मेंढपाळाचं नाव, लिटर, फॅट,
आणि ओळीच्या टोकाला माझ्या भावाची सही:
बाकीझिओ मेलोनी.

अखेरच्या वर्षी ती मुंगीएवढी.
त्याआधी आखलेल्या रेषेवरून खाली घसरलेली.
आणखी मागे गेलं की गोल, भरलेली,
शेवटी एक फरकाटा, कोकराच्या शेपटासारखा.

मला ते पान हवंय
जिथे हात पहिल्यांदा त्याचा राहिला नाही.
असं पान नाही.
एका मार्चात दोन सह्या एकमेकींवर चढल्यात,
पण त्या दिवशी डोंगरावर बर्फ होतं, वीज गेली होती,
कोणाचीही चढली असती.

त्याच मार्चात त्यानं बाबांवर
चीज ढवळायचा दांडा फेकला.
गाव म्हणालं, दारू.
आई म्हणाली, दृष्ट.
तिनं पेल्यातल्या पाण्यात गव्हाचे दाणे सोडले,
दाण्यांना बुडबुडे आले,
म्हणजे लागलीच होती.

मग जीभ जड झाली. मग चमचा तोंडाआधी सांडू लागला.
बाबांच्या मातीला तो खड्ड्याच्या काठाशी उभा होता
ओठ ताणून, सगळे दात दाखवत,
हसत.
सगळ्या सार्डिनियानं पाहिलं असं मला वाटलं.
त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही.
मीठ दे, एवढंसुद्धा नाही.

काल्यारीच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईनं
त्याच्या डोळ्यात दिवा धरला आणि मला बोलावलं, बघा.
बुबुळाच्या काठाला तपकिरी सोनेरी कडं.
दृष्ट नव्हती.
पण डोळ्यात होतं, हे आईचं खरं.

तांबं, ती म्हणाली.
सगळ्यांच्याच जेवणातून येतं, पित्ताबरोबर निघून जातं.
याच्या यकृताला ते दार नाही.
साचलं, उतू गेलं, मेंदूत उतरलं.
अर्धी चूक आईकडची, अर्धी बाबांकडची,
दोघंही आयुष्यभर ठणठणीत.
माझी कढई? आईनं विचारलं.
कढईचा काही दोष नाही.
तरी घरी आल्यावर तिनं ती डुकरांच्या पाण्याला लावली.

आणि ते हसणं?
ते स्नायूंचं, बाई म्हणाली, त्याला जुनं नाव आहे,
तुमच्याच बेटावरून पडलेलं.
थोडं कौतुकानं म्हणाली. मग तिची तिलाच लाज वाटली.

गोळ्या, रिकाम्या पोटी. अक्रोड बंद, कलेजी बंद.
पहिले तीन महिने तो आणखीच बिघडला,
रात्री दाराला टेकून रडायचा, कशासाठी ते सांगता यायचं नाही.
मग शर्टाचं एक बटण लागलं.
मग एकदा, स्पष्ट: मीठ.

त्या संध्याकाळी मी म्हटलं,
तो दांडा तू नाही फेकलास, बाकीझिओ. ते तांबं होतं.
मला वाटलं मी त्याला काही देतेय.
तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला.
लाळ पुसली.
दांडा मीच फेकला. बाबा दुधात पाणी घालत होते.
पुन्हा थांबला.
हसलो, ते तांबं.

मार्चचं पान पुन्हा उघडलंय.
या वेळी सही नाही, फॅटचा रकाना.
सहा पॉइंट आठ. सहा पॉइंट सात. सात.
मेलोनी, चार पॉइंट दोन.
आकडा वाकडा आहे, थरथरलेला आहे,
खोडलेला नाही.

माझ्या रक्ताचा अहवाल सोमवारी.
सख्ख्या भावंडाला चारात एक, बाई म्हणाली होती.
तोवर वजनकाट्याशी मी बसते,
लिटर लिहिते, फॅट लिहिते,
बोनारिया मेलोनी,
आणि शाई वाळेपर्यंत
पान उलटत नाही.